खिडकीतून दिसलेली बरणी

सोमवार, भट्टी विझल्यावर

धाकटे,

सगळ्यात आधी आला तो पीठवाला, आणि त्याला तर कुणी बोलावलंच नव्हतं. तोच गं, आईच्या वेळी हातगाडीवरून पोती आणायचा आणि तुझ्याकडे बघता बघता एकदा अख्खं पोतं गटारात घालून बसला होता. आता पोती त्याची मुलं टेम्पोने आणतात आणि हा नुसता येऊन बसतो. दात सगळे गेलेत, पण ऐट अशी की बेकरी याच्याच जिवावर चाललीय. मी म्हटलं, "आज पाहुणे यायचेत, तुम्ही उद्या या." तर म्हणतो, "मग मी कोण, भिकारी? वहिनी, एक कडक पाव द्या चहात बुडवायला." आणि पिठाच्या पिंपावर बसला तो बसलाच.

त्याच्या मागून भुंगी आली. भुंगी म्हणजे माझी नात, मुलाची मुलगी. तू पाहिलेली नाहीस. लहानपणी सारखी कानाशी गुणगुण, हे असं का, ते तसं का, म्हणून भुंगी. आता केवढी मोठी झालीय, पण गुणगुण तीच. माणसाला आठवतं कसं, आठवलेलं डोक्यात राहतं कुठे आणि पाहिजे तेव्हा सापडतं कसं, हे शोधायची तिला नोकरी आहे. खरंच गं! मी म्हटलं, "चष्मा कुठे ठेवला ते सांगशील का मग?" तर म्हणते, "डोक्यावर आहे, आजी." होताच डोक्यावर.

बघ, तुला इतक्या वर्षांनी पत्र लिहायला बसले आणि लिहितेय कशी, काल नळावर भेटलो असल्यासारखी. आधी कशी आहेस विचारायला हवं होतं. ते विचारायला तोंड नाही, म्हणून पीठवाल्यापासून सुरुवात केली. आमचे हे गेले तेव्हा तू चार ओळींचं कार्ड पाठवलं होतंस, त्यावरचा पत्ता घातलाय. घर बदललं असशील तर हे पत्र भलत्याच बाईला मिळेल. बाई, तुम्ही कोणी असाल तर वाचू नका. वाचलंत तर निदान शुद्धलेखनाला हसू नका, मी शाळेत फार टिकले नाही.

तर भुंगीबरोबर तिच्या मोठ्या बाई आल्या होत्या. त्या विभागाच्या प्रमुख, पण वागायला अगदी साध्या. माझ्यासारख्या म्हाताऱ्यांकडून त्या तरुणपणची एक हकीकत सांगून घेतात आणि यंत्रात भरतात. मग मध्ये काही महिने जाऊ देतात, आणि पहिलं न ऐकवता तीच हकीकत पुन्हा सांगायला लावतात. मग दोन्ही शेजारी ठेवून बघतात. मी थंडीत एकदा सांगितली होती, आज दुसरी पाळी. मला तर काय, बोला म्हणणारी माणसं घरी चालून आलेली! नवी साडी नेसून बसले होते.

कुठली हकीकत ते तुला कळलंच असेल. बरणीची.

माझ्या तोंडून तू ती कधी ऐकली नाहीस, दहा तोंडं फिरून ऐकली असशील. म्हणून जशी सांगते तशी लिहिते. आईच्या आंबवणाची बरणी तिच्या आईकडून आलेली. रोज त्यातलं थोडं काढून कणकेत घालायचं, राहिलेल्याला मूठभर पीठ आणि पाणी पाजायचं, की दुसऱ्या दिवशी बरणी पुन्हा भरलेली. आई म्हणायची, हे आपल्या घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस. जाताना तिने दुकान माझ्या हातात दिलं आणि बरणीला खायला घालायचं काम तुझ्या. तुला ते लागलं. आई गेली त्या आठवड्यात, घरात माणसांची ये-जा चालू असताना, मी मळायच्या खोलीतून खिडकीबाहेर पाहिलं, तर तू अंगणातल्या नळाशी उभी. बरणी पालथी धरलेली. आंबवण मोरीत वाहतंय.

एवढंच. मी ती इतक्यांदा सांगितलीय की आता माझी मलाच पाठ आहे, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा. आजही झकास सांगितली. मोठ्या बाई लिहीत होत्या, भुंगी खाली मान घालून बसली होती. आणि पिंपावरून पीठवाला म्हणतो कसा, तोंडात पाव धरून, "खिडकी? कुठली खिडकी?"

"ही काय," मी म्हटलं, "तुमच्या डोक्यामागे."

"ती नंतर भिंत फोडून काढलीय, वहिनी. नवीन भट्टीचा धूर कोंडायला लागला तेव्हा. तिकडे सरळ भिंत होती. विटा मी गाडीवरून उचलून नेल्यात."

"तुम्हाला काल काय खाल्लं ते आठवत नाही."

"काल काय खाल्लं ते विसरेन. विटांनी कंबर धरली ती कशी विसरेन? अजून धरते."

मोठ्या बाईंनी आणि भुंगीने एकमेकींकडे पाहिलं. मला असा राग आला म्हणून सांगू! म्हटलं, माझा पाव परत द्या. त्याने तो तेवढ्यात चहात बुडवला.

थोरली

शनिवार, सकाळची गिऱ्हाइकं उरकल्यावर

धाकटे,

पहिलं पत्र पोचलं का नाही ते माहीत नाही, पण मी थांबणारी आहे का?

पीठवाला बरोबर आहे. मेला बरोबर आहे.

चार दिवस मी त्याला शिव्या घालत होते. मग काल खिडकीच्या कट्ट्यावर थाळे निवायला ठेवत होते आणि हात थबकला. त्या कट्ट्याच्या सिमेंटमध्ये एक पंजा उमटलेला आहे, एवढुसा. माझ्या मुलाचा. गवंड्याने ओलं सिमेंट सारखं करून ठेवलं आणि हा रांगत रांगत येऊन पाचही बोटं रोवून बसला. आमचे हे म्हणाले, राहू दे, दुकानाच्या मालकाची सही आहे. तो पंजा मी रोज पुसते. रोज, धाकटे. त्याच्या खाचांत पीठ बसतं म्हणून दातांच्या जुन्या ब्रशने काढते.

आणि आई गेली तेव्हा हा पोटातसुद्धा नव्हता. तू घर सोडून गेलीस त्यानंतर झालेला मुलगा आहे हा.

म्हणजे खिडकी नव्हती. भिंत होती. मळायच्या खोलीतून नळ बघायचा म्हणजे दुकानातून बाहेर पडून, बोळातून वळसा घालून यावं लागायचं. मी तशी आले होते का? आठवत नाही. डोळे मिटले की खिडकीच दिसते, आणि तिच्यात तू. एवढी स्वच्छ दिसतेस की तुझ्या कोपरावरचं पाणीसुद्धा ठिबकताना दिसतं.

भुंगीला फोन केला. म्हटलं, आता खरं सांग, यंत्रात काय आहे. ती आधी आढेवेढे घ्यायला लागली, आजी, मोठ्या बाईंना विचारावं लागेल. मी म्हटलं, माझंच बोलणं मला ऐकवायला कुणाची परवानगी? मग संध्याकाळी आली आणि दोन्ही वेळचं बोलणं लावून ऐकवलं.

थंडीतल्यात तू नळाशी नुसती उभी आहेस. बरणी पालथी, मान खाली.

सोमवारच्यात तू हसतेयस.

मी तीनदा लावायला सांगितलं. "आणि हसत होती हो, गालातल्या गालात." माझाच आवाज. भुंगी म्हणाली, "आजी, तू मुद्दाम नाही गं घातलंस ते." पण मग घातलं कुणी? थंडीपासून आत्तापर्यंत माझ्या डोक्यात बसून तुला हसायला कुणी शिकवलं? आणि थंडीच्या आधीच्या वर्षांत कायकाय शिकवलं असेल?

मला पहिल्यांदा बरं वाटलं होतं हे लोक आले तेव्हा. अजूनही वाटतं, खोटं कशाला सांगू. घरात कोणी येऊन माझं ऐकतं, याचा आनंद मला लपवता येत नाही, तुला माहीतच आहे. लहानपणी तू म्हणायचीस, ताई, तुला भिंत जरी मिळाली तरी तू तिच्याशी गप्पा मारशील. पण त्याच जिभेने मी काय करून ठेवलं ते काल रात्रीपासून डोक्यात फिरतंय. उधारीवर पाव नेणाऱ्या बायकांना सांगितलं. यीस्टची पाकिटं विकायला येणाऱ्याला सांगितलं, की घरची बरणी असती तर तुझं तोंड पाहिलं नसतं. चौकातल्या दोन्ही बेकऱ्यांच्या मालकांना सांगितलं. तू तिथे काम मागायला गेलीस तेव्हा त्यांनी तुला काय म्हणून हाक मारली ते मला कळलं होतं. बरणीमारी. ते नाव मीच ठेवलं होतं आणि मला ते फार खुसखुशीत वाटलं होतं. बहिणीच्या पाठीला चिकटवायला एक शब्द सापडला आणि मी त्यावर खूश.

मग तुला इथे कुठेच काम मिळेना आणि तू गेलीस. मी लोकांना सांगितलं, बघा, खाई त्याला खवखवे. आता पंजा पुसताना मला वाटतं, तू नळाशी होतीस तरी का.

पत्र इथेच ठेवते, कणीक वर आलीय.

थोरली

बुधवार, दुपारी

धाकटे,

मला नळीत घातलं होतं! मोठ्या बाईंच्या दवाखान्यात. दवाखाना म्हणजे दवाखाना नव्हे, तिथे बरं कुणालाच करत नाहीत, नुसतं बघतात. एक पांढरी गोल नळी, तीत आडवं सरकवतात, आपल्या भट्टीत थाळा सरकवतात तसं. आत ठकाठक ठकाठक. मला हलू नका म्हणाल्या, आणि मला नेमकं नाक खाजलं. बाहेर आल्यावर माझ्या डोक्याचा फोटो दाखवला. तुला सांगते, आत काही विशेष नाही. फोडलेला अक्रोड. मी म्हटलं, "यात बसतं एवढं सगळं?" मोठ्या बाई म्हणाल्या, "आजी, एका जागी बसतच नाही."

मग भुंगीने नीट समजावलं, आणि मला जेवढं कळलं तेवढं तुला सांगते. कानाच्या आतल्या बाजूला एक वाकडा तुकडा असतो, दोन्हीकडे एकेक. समुद्रात तो घोड्याच्या तोंडाचा मासा असतो ना, तसा दिसतो, त्याचं नावही तसलंच काही परकं आहे. मी त्याला घोडमासा म्हणते. एखादी गोष्ट घडते तेव्हा दिसलेलं मेंदूच्या एका कोपऱ्यात जातं, ऐकलेलं दुसऱ्या, वास तिसऱ्या. घोडमासा त्या सगळ्यांची टोकं एकत्र धरून ठेवतो. माणूस झोपलं की तो तीच तीच टोकं ओढून ओढून घट्ट करतो. म्हणून झोप महत्त्वाची म्हणे. पीठवाल्याला सांगितलं, तो म्हणाला, "बघा, मी दुपारी झोपतो त्याला शास्त्र आहे."

मी विचारलं, "मग आठवलं म्हणजे तो मासा डबा उघडून देतो का?"

"डबा नाही गं, आजी. डबा असता तर तुझी खिडकी आत कशी आली असती? आठवताना मेंदू ती गोष्ट पुन्हा नव्याने जुळवतो. एखादं टोक सापडलं नाही तर जे जवळ असेल ते लावतो, आणि तुला कळतसुद्धा नाही. आणि एकदा वर काढलेली आठवण थोडा वेळ मऊ असते, तेव्हा तीत काहीही मिसळू शकतं. मग ती पुन्हा घट्ट होते, ते मिसळलेलं धरून."

मी म्हटलं, "म्हणजे बरणी."

"कुठली बरणी?"

"अगं आईची! रोज थोडं काढायचं, वर नवीन पीठ-पाणी घालायचं. आईच्या आईने घातलेल्या पिठाचा कण तरी उरला असेल का तीत? पण आपण म्हणायचो तीच, जुनी."

भुंगी हसली. म्हणाली, "मोठ्या बाईंना सांगते." सांगितलं नाही तरी चालेल मला. मी पुढचंच धरून बसले होते. ज्या गोष्टीला मी सगळ्यात जास्त वेळा हात घातला, तीत माझं पीठ सगळ्यात जास्त. आणि मी माझं पीठ कसलं घातलं ते यंत्राने सांगितलंच.

"मग मी इतकी वर्षं खोटं बोलले का?" विचारलं.

"खोटं नाही. तुला खरंच दिसतंय ते. सगळ्यांचं असंच होतं, आजी, माझंही."

ती मायेने म्हणाली, पण मला त्याचा उपयोग झाला नाही. सगळ्यांच्या डोक्यात होतं, हे खरं. पण सगळ्यांची धाकटी बहीण घर सोडून जात नाही.

आता एक गंमत. मी ठरवलं, बरणी पुन्हा धरायची. जमतं तसं नव्याने, नुसतं पीठ आणि पाणी भिजवून उघड्यावर ठेवलं की काही दिवसांनी आपोआप जीव धरतं. आई करून दाखवायची. खिडकीच्या कट्ट्यावर पंजाशेजारी ठेवलीय. सून म्हणते पायमोज्यांचा वास येतो. पण मी झाकण काढून नाक घातलं आणि धाकटे, काय झालं सांगू? मी मळायच्या खोलीत नव्हतेच. मी पोत्यांच्या मागे होते, तू माझ्या मांडीला मांडी लावून, आणि आपल्या दोघींच्या मध्ये तो करपलेला पाव. गिऱ्हाइकाला देण्यासारखा नाही म्हणून आई बाजूला टाकायची तो. आपण त्याची काळी साल सोलून मीठ लावून खायचो. तुझे हात बर्फासारखे, ते तू माझ्या गळ्याशी लावायचीस आणि मी ओरडू नये म्हणून तूच माझं तोंड दाबायचीस. एकदा तू माझ्या ओठांवर पिठाची मिशी काढलीस आणि मी ती तशीच ठेवून दुकानात गेले, आणि आई गिऱ्हाइकासमोर हसून हसून खाली बसली.

हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही घडत नाही त्यात. भुंगीला म्हटलं, याला हात लागलेला नाही, मग हे तरी खरं असेल ना? ती म्हणाली, "सांगता येत नाही, आजी. न काढलेलंही झिजतं." ही मुलगी एकदा तरी हो म्हणेल तर शपथ.

तिने मला आणखी एक विचारलंय, तुझ्याशी बोलू का म्हणून. तुझं कार्ड मी तिला दिलंय. रागावू नकोस, किंवा रागाव.

थोरली

शुक्रवार, संध्याकाळी

धाकटे,

बरणी मेली.

कालपर्यंत बुडबुडे धरत होती, आज सकाळी वर गुलाबी थर आणि वास असा की पीठवालासुद्धा पिंपावरून उठला. मी रोज खायला घातलं होतं गं. माझ्या हाताने, वेळेवर, पीठ चाळून, पाणी कोमट करून. झाकायला स्वच्छ फडकं. सुनेला हात लावू दिला नाही. तरी मेली. तिला कुणी काही केलं नाही, ती आपली मेली. उन्हाने असेल, पाण्याने असेल, कशाने ते कोण सांगणार.

मी ती उचलून नळाशी नेली, पालथी घातली आणि धुतली. कारण दुसरं काय करणार? नासलेलं घरात ठेवणार आहे का कुणी? आणि धुता धुता मान वर केली तर खिडकीतून सून बघत होती. मला हसूच आलं. म्हटलं, ही आता जन्मभर सांगेल, सासूने बरणी मोरीत ओतली, आणि हसत होती.

मग तिथे नळाशी बसून मी खूप रडले. सून घाबरली. म्हणाली, "अहो आई, पाकिटातलं यीस्ट आहे ना."

दुपारी भुंगी आली. आली तशी मोबाईल टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आजी, पत्त्यावरून नंबर शोधून मावशीआजीशी फोनवर बोलले. त्यांनाही विचारलं, बरणीचं काय झालं होतं. त्या म्हणाल्या, ऐकव तुझ्या आजीला. ऐकायचंय?"

ऐकायचंय का, म्हणे.

तुझा आवाज जाड झालाय. खोकतेस किती! कुणाला दाखवलंस का? पहिल्यांदा मला शब्द कळलेच नाहीत, नुसता आवाज ऐकत होते, त्यात आपल्या आईचा आवाज मधूनच यायचा आणि जायचा. भुंगीने पुन्हा लावलं तेव्हा ऐकलं. तू सांगत होतीस, आईनेच ओतली. शेवटच्या आजारात. आई उठली, बरणी घेऊन मोरीशी गेली आणि म्हणाली, हे माझ्याबरोबर संपू दे, मुलींच्या मागे नको हा व्याप. आणि तू दारातून बघत होतीस.

मी ताडकन उभी राहिले. "खोटं! आई उठत कुठे होती? तिला कुशीवर मी वळवायची, पाणी चमच्याने ही पाजायची. ती मोरीपर्यंत चालत गेली म्हणे! हिला काय..."

भुंगीने मला बोलू दिलं. बोलता बोलता मीच थांबले.

कारण मला दिसलं, धाकटे. तुझ्याही आठवणीत एक खिडकी आहे. तुझी आई चालते, माझी भिंत फुटते. बरणी कुणी मारली ते तुलाही माहीत नाही, मलाही नाही. बहुतेक कुणीच नाही. घरभर माणसं होती, आपण दोघी रडत होतो, बरणीला खायला कुणी घातलं नाही. ती उपाशी मेली असेल नाहीतर आपली आपण मेली असेल, आणि आलेल्या बायकांपैकी कुणीतरी कपबशांबरोबर तीही धुऊन नळाशी पालथी घातली असेल. मी पालथी बरणी पाहिली असेन. एवढंच पाहिलं असेन.

मग रिकाम्या जागी आपण दोघींनी माणूस बसवलं. तुला बसवायला माणूस लागलं तेव्हा मी जवळच होते की! दुकान मला मिळालं होतं, तुझ्या मागे नाव मी लावलं होतं, तुझी भाकरी मी तोडली होती. तुझ्या डोक्याने मला तिथे उभं केलं असतं तर कुणीही म्हटलं असतं, बरोबर आहे. पण तू मला नाही उभं केलंस. ज्या माणसाला कुणी काही बोलू शकत नाही, जी गेली होती आणि जिला राग येणार नव्हता, तिला उठवून तू मोरीपर्यंत चालवत नेलंस. माझ्या डोक्याला तू मिळालीस. तुझ्या डोक्याला मी चालले नाही.

भुंगी म्हणते, मेंदू असा विचार करत नाही, आजी, तू उगाच अर्थ लावतेस. लावते. मला कोण अडवणार आहे?

बोलणं संपता संपता तू तिला विचारलंस, ताई अजून करपलेला पाव मीठ लावून खाते का. आणि मग तू म्हणालीस की एकदा तू पिठाची मिशी लावून दुकानात गेली होतीस आणि आई हसून हसून खाली बसली. अगं मिशी मला होती! तू काढलीस, मी लावली. भुंगीला म्हटलं, पुसून टाक ते, चुकीचं आहे. ती हसतच सुटली. म्हणाली, "मोठ्या बाईंना हेच पाहिजे. तुम्ही दोघी समोरासमोर बसून सांगा, एकदा बरणी आणि एकदा मिशी."

मी विचारलं, "समोरासमोर काढली तर मऊ होईल का ती? तू म्हणतेस तशी?"

"होईल की."

"आणि मग दोघींचा हात लागून घट्ट होईल?"

"शक्य आहे, आजी," म्हणाली. या मुलीकडून इतकं म्हणजे पुष्कळ झालं.

तू पाव करत नाहीस म्हणे, विकतचा आणतेस. ते ऐकून मला जे झालं ते मी लिहीत नाही. तुझ्या हातची कणीक माझ्यापेक्षा सरस होती, आईला माहीत होतं, मलाही. मी तुला ये म्हणत नाही. मला तो हक्क राहिला नाही, आणि तुझा खोकलाही बरा दिसत नाही. भुंगीने तुला बुधवारच्या गाडीची वेळ सांगितलीय आणि तू "बघते" म्हणालीस, तेवढं मला कळलंय. आईसुद्धा "बघते" म्हणायची, कधी त्याचा अर्थ हो असायचा आणि कधी नाही, आणि ते तिच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय कळायचं नाही.

बरणी धुऊन कट्ट्यावर ठेवलीय, पंजाशेजारी, उताणी. एक थाळा मी मुद्दाम जरा जास्त वेळ आत ठेवणार आहे, करपेपर्यंत. पीठवाल्याला ताकीद दिलीय की त्या दिवशी पिंपावर बसायचं नाही. तो दाढी करून येणार आहे म्हणतो.

भुंगी आणि मोठ्या बाई बुधवारी येतो म्हणाल्यात, सकाळी, भट्टी गरम असतानाच.

तुझी,
ताई